जनजागृतीचा ठसका

आमच्या गडहिंग्लजमध्ये जागृती करणारे पायलीचे पन्नास मिळतात. करून घेणारा एक मिळायची मारामार. ज्याला जागं करायला जावं, तो पहाटेच उठून धारा काढून, डेअरीला दूध घालून, चहा पिऊन बसलेला असतो. आणि डोळे चोळत पोचलेल्या आम्हालाच विचारतो, "काय सर, एवढ्या सकाळी? झोप झाली न्हाई वाटतं."

तरीही दर वर्षी पाऊस ओसरला, हिरण्यकेशी आपल्या पात्रात परतली आणि भडगावचा पूल पाण्याबाहेर आला, की वरून पत्रक येतंच. हे 'वर' म्हणजे नक्की कुठं, ते नोकरीला लागल्यापासून मला कुणी दाखवलेलं नाही. यंदाच्या पत्रकात लिहिलं होतं, की विद्यार्थ्यांनी ज्वलंत सामाजिक प्रश्नांवर मल्टिमीडिया प्रकल्पांचं नियोजन करावं. लघुपट, पथनाट्य, पॉडकास्ट, भित्तिपत्रक, रील असं कुठलंही माध्यम चालेल. अहवाल जिओटॅग छायाचित्रांसह, तीन प्रतींत. शेवटची तारीख पत्रक हाती पडण्याच्या आदल्या दिवसाची होती. म्हणजे प्रश्न खरोखरच ज्वलंत असणार.

प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं.

"तुमच्यात कला आहे," ते म्हणाले.

हे वाक्य कानावर पडलं, की शहाण्या माणसानं वैद्यकीय रजेचा अर्ज टाकावा. मी मराठी शिकवतो. मल्टिमीडियाशी माझं नातं असं, की वर्गातला प्रोजेक्टर लागेना झाला की मी शिपायाला विचारतो आणि शिपाई पहिल्या बाकावरच्या पोराला विचारतो.

"सर, मला यातलं काही कळत नाही."

"म्हणूनच तुम्ही समन्वयक. कळणारा माणूस स्वतःच काम करत बसतो."

यावर काही बोलण्यासारखं नव्हतं.

आमच्याकडं मुलांची नावं हजेरीपुरती. एरवी गावाचं नाव भागतं. ए नूल, ए नेसरी, ए हलकर्णी, मागं काय चाललंय? पहिल्या बैठकीला अशा रीतीनं निम्मा तालुका हजर होता. मी फळ्यावर ओळीनं लिहिलं: प्रश्न कोणता, तो कुणाचा, त्याला काय सांगायचं आणि कसं सांगायचं. माध्यम मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. खडू खाली ठेवायच्या आत भडगाव उभा राहिला.

"सर, ड्रोन हाय."

"कशासाठी?"

"चुलतभावाचा हाय. लग्नाच्या शूटिंगचा. मुहूर्त नसला की मोकळाच असतोय."

"अरे, पण विषय कोणता?"

"ड्रोनला बसंल तो."

सगळ्या बैठकीनं माना डोलावल्या. माझ्या फळ्याकडं कुणी पाहिलंही नाही. ड्रोनला बसणारा सामाजिक प्रश्न शोधायला मंडळी सामानगडावर जाऊन आली. वरून ऊस दिसला, नदी दिसली, कौलं दिसली, एक गवताची गंजी दिसली. संध्याकाळी भडगावनं अहवाल दिला, "सर, वरनं बघितलं की गावात प्रश्नच दिसत न्हाई." पत्रक काढणाऱ्यांची अडचण मला त्या दिवशी समजली.

मग विषयांची वाटणी झाली. व्यसनमुक्ती, हुंडाबंदी, प्लास्टिकमुक्ती, मोबाईलचं वेड. हे विषय निवडावे लागत नाहीत, ते कपाटातच असतात. स्टाफरूमच्या मागं एक लोखंडी कपाट आहे, त्यात मागच्या अनेक जागृतींचं सामान साठलंय. पुठ्ठ्याची बाटली, तिच्यावर 'दारू' असं लिहिलेलं, नाहीतर लोकांना फिनेल वाटतं. गळफासाचा दोर, जो एरवी ध्वजारोहणाला वापरतात. आणि यमाचा पोशाख, शिंगांच्या मुकुटासकट. आमच्या प्रत्येक पथनाट्यात यमराज येतो. हेल्मेट नाही, यम. तंबाखू, यम. उघड्यावर शौच, यम. एकदा मतदार जागृतीतही आला होता. मतदान न करणाऱ्याला न्यायला यम कशाला, असं मी विचारलं, तर उत्तर मिळालं, "पोशाख हाय न्हवं सर."

गटात दिग्दर्शक सात झाले, कॅमेरामन चार, आणि 'संकल्पना' या नावाखाली प्राचार्य, उपप्राचार्य आणि कार्यालय अधीक्षक. लिहिणारा एकही नाही. लिहायचं सरांनी. सतरंजी उचलणारा एकही नाही. तीही, म्हटलं तर, सरांनीच.

मुलांना थोडी पार्श्वभूमी द्यावी म्हणून मी बाबूराव पेंटरांची गोष्ट काढली. म्हटलं, अरे, आपल्याच जिल्ह्यात हे काम शंभर वर्षांपूर्वी होऊन गेलंय. कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनीनं १९२५ साली 'सावकारी पाश' काढला. कर्जापायी जमीन गमावून शहरातल्या गिरणीत मजूर झालेल्या शेतकऱ्याची गोष्ट. तो तरुण शेतकरी कोण झाला होता, तर व्ही. शांताराम.

"आवाज कसा होता सर?" नेसरीनं विचारलं. ती साउंड बघणार होती.

"नव्हताच. मूकपट."

"मग मेसेज कसा दिला?"

"वेगळा असा दिलाच नसावा. गोष्ट दाखवली."

"शेवटी 'चला, आपण सर्व मिळून' असं काहीच न्हाई?"

"नाही."

वर्गात अस्वस्थ शांतता पसरली. 'चला, आपण सर्व मिळून' याशिवाय चित्रपट संपू शकतो, ही कल्पना त्यांना झेपली नाही. बाबूरावांनी कॅमेरा स्वतः तयार केला होता, हे सांगितलं तेव्हा मात्र भडगावच्या डोळ्यांत प्रथमच आदर दिसला. "किती मेगापिक्सेल?" त्यानं हळूच विचारलं.

मी हट्टानं पुढं रेटलं. म्हटलं, लांब कशाला जाता, आपल्या गावातच १९७५ साली देवदासी परिषद भरली होती. बाबा आढाव, आपल्या इथले प्राध्यापक विठ्ठल बन्ने, ही माणसं त्या प्रश्नामागं वर्षानुवर्षं लागली. ज्यांचा प्रश्न, त्या बायकांना सोबत घेऊन लागली. ड्रोन नव्हता, फ्लेक्स नव्हता.

"फोटो हायत का सर?"

"असतील की."

"जिओटॅग?"

मी गप्प बसलो. अक्षांश-रेखांश नसलेली परिषद अहवालात कुठं बसवणार?

२४ सप्टेंबरला राष्ट्रीय सेवा योजनेचा दिवस साजरा झाला, तेव्हाही मी असाच उत्साहात येऊन सांगितलं होतं, की ही योजना १९६९ साली याच तारखेला ३७ विद्यापीठांत सुरू झाली आणि महात्मा फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला तोही १८७३ सालच्या २४ सप्टेंबरलाच. केवढा योगायोग! मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, मग सुट्ट्या दोन द्यायला पायजेत." तेव्हापासून मी योगायोग स्वतःपुरते ठेवतो.

व्यसनमुक्ती गटाचं नशीब थोर, कारण त्यांच्याकडं नूल होता. नूल म्हणजे माळकरी घरातला सालस मुलगा, चहासुद्धा न पिणारा. त्याला दारुड्याचं काम दिलं ते सगळ्यांत शांत म्हणून, म्हणजे फार गोंधळ घालणार नाही या हिशोबानं. पण तालमीत त्यानं पहिली झोकांडी खाल्ली आणि शिपाई त्याला धरायला धावला. भिंतीला हात टेकून तो असा काही उभा राहिला, की आमच्या संस्थेच्या निष्कलंक इतिहासाकडं मी साशंक नजरेनं पाहू लागलो. कसं जमतं रे, असं विचारल्यावर म्हणाला, "एस.टी. स्टँडवर रोज गाडीची वाट बघतोय न्हवं सर. अभ्यास आपोआप हुतोय."

त्याच लघुपटात गुटख्याचा एक प्रसंग होता. राज्यात गुटख्यावर बंदी आली २०१२ साली. तेव्हा रिकामी पुडी तरी कुठून मिळणार, म्हणून मी रंगीत कागदाची पुडी करून घ्या असं सुचवलं. हे सांगून मी सगळ्यांसाठी चहा सांगितला. चहा यायच्या आधी गुटखा आला. एक नाही, तीन प्रकारचा. "सर, क्लोज-अपला कुठला बरा दिसंल?" चहाचं मात्र दोनदा सांगावं लागलं.

मोबाईलच्या वेडावरचा गट रात्री अडीचपर्यंत मोबाईलवर एडिटिंग करत बसायचा आणि सकाळच्या तासाला बाकावर डोकं टेकून झोपायचा. त्यांना मी सांगलीकडच्या मोहित्यांचे वडगावचं उदाहरण दिलं. २०२२ साली त्या गावानं ठरवलं, की संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही, मोबाईल बंद. पोरांना कल्पना फार आवडली. दुसऱ्या दिवशी सातला होस्टेलवर भोंगा वाजलाही. मी कौतुकानं बघायला गेलो. सगळ्यांनी भोंग्याचा आवाज रिंगटोन म्हणून लावला होता आणि एकमेकांना फोन करून ते ऐकत बसले होते.

पण खरी कसोटी हुंडाबंदीची. मुलींच्या घरून निरोप आले, की काम करायला आमची ना नाही, फक्त नवरीचं नको. मागं एकीनं मुंडावळ्या बांधून फोटो स्टेटसला ठेवला, तर तिच्या मामानं तीन दिवस अबोला धरला होता, आम्हाला न कळवता लग्न उरकलं म्हणून. शेवटी नवरी झाला हलकर्णी. त्याला नुकती दाढी फुटत होती, त्यामुळं पदर हनुवटीच्या खाली येऊ द्यायचा नाही, अशी कॅमेरामनला सक्त ताकीद होती. बाबूराव पेंटरांनी १९२० सालच्या 'सैरंध्री'त स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनाच दिल्या होत्या. शंभर वर्षांनी आम्ही हलकर्णीच्या दाढीपाशी येऊन थांबलो होतो.

नवरीच्या आईचं काम महागावच्या मुलीकडं. नवरदेवाकडची मंडळी मोटारसायकल मागतात आणि आईच्या डोळ्यांतून अश्रू ओघळतात, असा प्रसंग. पण समोर पदराआड हलकर्णी दिसला, की महागावला हसू फुटायचं. ग्लिसरीन शोधलं, मिळालं नाही. कांदा आणला, तो मेसवाल्या मावशींनी परत मागून घेतला. तेव्हा एक दिग्दर्शक म्हणाला, "मिरचीच्या सौद्यात जाऊया की."

वाचकहो, गडहिंग्लजची लाल मिरची ही सांगून समजणारी गोष्ट नाही. हंगामात बाजार समितीच्या आवारात मिरचीचे ढीग लागतात, पोती ओतली जातात, व्यापारी मूठभर उचलून हुंगतात, मोडून बघतात, आणि ती धूळ हवेत अशी उभी राहते की रस्त्यावरून जाणारा परगावचा माणूस कारण नसताना भावुक होतो. आमची मंडळी तिथं साडी, मुंडावळ्या, कॅमेरा आणि यमाचा मुकुट घेऊन पोचली. मुकुट का आणला, हे मी विचारायचं सोडून दिलं होतं.

"अॅक्शन" म्हणायला दिग्दर्शकानं तोंड उघडलं तेच त्याचं चुकलं. त्याला जो ठसका लागला, तो पुढं अर्धा तास टिकला. महागावच्या डोळ्यांतून धारा लागल्या खऱ्या, पण सोबत शिंकाही लागल्या, त्यामुळं "माझ्या लेकीचं कसं होणार" हे वाक्य "माझ्या ले... आक्छी... होणार" असं निघालं. नवरीनं नाक पुसायला पदर वापरला आणि दाढी उघडी पडली. नवरदेव रडत होता, मोटारसायकल मागणारा बाप रडत होता, मध्यस्थ रडत होता. वरपक्षाचं असं हृदयपरिवर्तन कुठल्याच संहितेत नव्हतं. कॅमेरा ज्याच्या हातात होता त्यानं डोळे मिटून घेतले होते, त्यामुळं चित्रीकरणात बहुतांश वेळ एका पोत्यावरचं नाव दिसतं. आजूबाजूला हमाल मात्र कोरड्या डोळ्यांनी पोती उचलत होते. त्यांतला एक जण थांबला, सगळ्या रडणाऱ्या घोळक्याकडं बघून मला म्हणाला, "कोण गेलं ओ मास्तर?"

"कुणी नाही. हुंड्याबद्दल आहे."

"मग खरं हाय," तो म्हणाला आणि पोतं उचलून चालू लागला. "माझ्या पोरीच्या वक्ताला मी असाच रडलोय. मिरची नसताना."

हे कुणी चित्रित केलं का, म्हणून मी वळून पाहिलं. कॅमेरावाला डोळ्यांवर पाणी मारत होता.

प्लास्टिकमुक्तीचं आवरतं घेतो, कारण ते प्रकरण फ्लेक्सवाल्याकडंच संपलं. राज्यात २०१८ पासून प्लास्टिकबंदी आहे आणि तिची जागृती करायची तर भला मोठा फ्लेक्स हवाच, यावर कुणाचंच दुमत नव्हतं. फ्लेक्स कशाचा असतो, हा प्रश्न मी बैठकीत विचारला, तेव्हा मला 'नकारात्मक विचार' टाळायला सांगण्यात आलं. फ्लेक्सवर संस्थेच्या नऊ पदाधिकाऱ्यांचे फोटो, त्याखाली मान्यवर, त्याखाली शुभेच्छुक, आणि उरलेल्या वीतभर जागेत छापून आलं, 'प्लास्टिकयुक्त गडहिंग्लज.' मी दुकानात जाऊन चूक दाखवली. फ्लेक्सवाल्यानं चष्मा कपाळावर नेऊन ते वाक्य वाचलं, मग दारातून दसरा चौकाच्या दिशेनं नजर टाकली. "सर, बगा की बाहेर. चूक हाय व्हय?" तो फ्लेक्स सध्या आमच्या शिपायाच्या शेतावर आहे. त्यावर मिरची वाळत घातली आहे. नऊही पदाधिकारी मिरचीखाली शांत पडून आहेत.

स्वच्छतेचं एक छायाचित्र तरी हवं म्हणून घंटागाडीवाल्याला गाठलं. त्याचा या क्षेत्रातला अनुभव माझ्यापेक्षा दांडगा निघाला. "किती वाजता येणार साहेब लोक? तवर ह्यो कोपरा तसाच ठेवतो. मागच्या वक्ताला सगळं लोटून टाकलं, तर एकजण माझ्यावरच खवळला, आता झाडायचं काय म्हणून." गाडगेबाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. आमच्याकडं कीर्तन आधी, मग फोटो, आणि झाडायला घंटागाडीवाला.

पथनाट्याला प्रेक्षक मिळत नाहीत, ही जुनी तक्रार. त्यावर तोडगा निघाला तो फुटबॉलचा. गडहिंग्लजला फुटबॉलचं काय वेड आहे, ते इथं दिवाळीत येऊन बघावं. घरोघरी पोरांच्या पायांत बूट, आणि स्पर्धेला बाहेरगावचे संघ आले की फराळ मैदानावर नेऊन खाल्ला जातो. मुलांनी ठरवलं, हाफ टाइमला मैदानात घुसायचं. घुसले. समोर एवढी गर्दी आमच्या कुठल्याच जागृतीनं पाहिली नव्हती. ढोलकी वाजली, नूल झोकांड्या खात आला, लोकांनी शिट्ट्या मारल्या. यम आला, त्यालाही शिट्ट्या. दारुड्याची बायको टाहो फोडून म्हणाली, "आता मी कुणाकडं बघू?" गर्दीतून उत्तर आलं, "बाजूला होऊन गोलपोस्टाकडं बघ!" यमानं गदा उगारली, नूल मरून पडला, बायकोनं हंबरडा फोडला आणि तेवढ्यात पंचांची शिट्टी वाजली. दोन्ही संघ मैदानात उतरले. प्रेत उठलं, पुठ्ठ्याची बाटली काखेत मारून धावत सुटलं. यम उत्तरार्धभर साइडलाइनवर उभा राहिला, मुकुटासकट, आणि चेंडू बाहेर आला की उचलून देत राहिला. त्याला मिळालेल्या टाळ्या खऱ्या होत्या.

या सगळ्याचे फोटो मात्र झकास निघाले. अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ, सगळं. फक्त तेरणीकडं काढलेल्या फोटोंवर ठिकाण म्हणून कर्नाटक आलं. आमच्या पूर्व भागात सीमेचं असं आहे, की माणूस महाराष्ट्रात उभा असतो आणि त्याचा मोबाईल कर्नाटकात. तपासणी समितीनं आक्षेप घेतला, परराज्यात जागृती करण्याची परवानगी कुणी दिली? मी उत्तरात लिहिलं, की जागृती महाराष्ट्रातच केली होती, ती वाऱ्यानं पलीकडं गेली असावी. हा खुलासा मंजूर झाला.

तेरणीला आम्ही गेलो ते एका मुलीमुळं. ही तेरणी बैठकीत कधी बोलली नव्हती. तिच्याकडं ड्रोन नव्हता, यम नव्हता. एक दिवस ती म्हणाली, "सर, मी आज्जीचं रेकॉर्डिंग केलंय. चालंल का?" मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि सरकारनं त्याच महिन्यात इतर गावांनाही तसं करायला सांगितलं, हे तिनं कुठंतरी वाचलं होतं. मग तिनं आपल्या विधवा आजीसमोर मोबाईल धरला होता. आजी चुलीपुढं बसलेली, अर्धं मराठी, अर्धं कानडी.

"आज्जी, हेरवाडच्या ठरावाबद्दल तुला काय वाटतं?"

"ठराव कराय पंचायत लागली व्हय? तुझा आज्जा गेला तवा ह्या बायका आल्या बांगड्या फोडाय. मी म्हटलं, हात लावशीला तर बगा. म्हागाच्या हायत्या. त्याच्या पैशाच्या न्हवं, माझ्या कोंबड्यांच्या."

"मग लोक काय म्हणाले?"

"म्हणत्यात की अजून. तोंडं हायत त्यास्नी. माझ्या हातात बांगड्या हायत्या."

"समाजाला तू काय संदेश देशील?"

आजीनं नातीकडं असं पाहिलं, की पोरगी परीक्षेत नापास झाली असावी. "कोण समाज? कुठं ऱ्हातोय? येऊ दे की जेवाय, तवा सांगते." मागं कुकरची शिट्टी झाली, आजी उठली, "बंद कर गं ते, दूध उतू चाललंय," आणि पडद्यावर नुसती चूल उरली.

मी तीनदा पाहिलं. मग पदराला खार लावून सगळ्यांना वडे खाऊ घातले.

निवड समितीनं त्यावर शेरा मारला: 'विषय चांगला, हाताळणी कच्ची. पार्श्वसंगीत नाही, संस्थेचं बोधचिन्ह नाही, निष्कर्ष नाही. कुकरची शिट्टी टाळता आली असती. आजी रडताना दाखवल्यास परिणाम वाढेल.' शेरा वाचून नेसरीनं माझ्याकडं बघितलं. "सर, आज्जीला मिरचीच्या सौद्यात न्यायचं व्हय?" आजीला न्यायची कुणाची छाती झाली नाही.

अखेर सगळ्या प्रकल्पांचं एकत्रित प्रदर्शन सभागृहात ठरलं. प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले आणि 'वेळेचं महत्त्व' या विषयावर पाऊण तास बोलले. तोपर्यंत सगळ्यांनी सगळे लघुपट एकमेकांच्या स्टेटसवर बघून घेतले होते. पहिल्या रांगेत तेरणीची आजी बसली होती, नातीनं हट्टानं आणलेली, दोन्ही हातांत बांगड्या भरून. स्वतःचं रेकॉर्डिंग लागल्यावर ती एवढंच म्हणाली, "चूल सारवाय पायजे हुती." हुंडाबंदी बघून म्हणाली, "नवरीला मिशी हाय." आणि व्यसनमुक्ती लागली, नूल भिंतीचा आधार घेत पडद्यावर आला, तेव्हा अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं विचारलं, "ह्यो कुणाचा गं पोरगा? मिसरूड फुटलं न्हाई अजून, आणि काय ही दशा! घरात कोण बघत न्हाई व्हय?" नूलची आई दोन रांगा मागं बसली होती. तिनं तोंडाला पदर लावला.

पहिला क्रमांक ड्रोनला मिळाला. चित्रपटात ऊस होता, नदी होती आणि शेवटी 'चला, आपण सर्व मिळून' होतं.

व्यसनमुक्तीला उत्तेजनार्थ मिळालं, पण ती चित्रफीत मोबाइलांवरून कुठवर गेली याचा हिशोब लागत नाही. आजरा, चंदगड, संकेश्वर. सुरुवातीचं श्रेयनामावलीचं पान आणि शेवटचा संदेश फॉरवर्ड करणाऱ्यांनी कापून टाकला होता; उरला तो नुसता नूल, भिंत आणि झोकांडी. गेल्या आठवड्यात मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

"नमस्कार सर. आजऱ्याकडनं बोलतोय. नूलच्या घरात पोरगी द्यायचा इचार चाललाय आमचा, थोरल्याला. धाकटा तुमच्या कॉलेजात हाय न्हवं?"

"हो, आहे की. फार गुणी मुलगा."

"व्हिडिओ बघितला आम्ही त्याचा. गुणाचं आमाला काय न्हाई, खरं लई पितोय जणू."

"छे हो! माळकरी घर आहे ते. तो पीत नाही, अभिनय करतो."

पलीकडून फोन हातानं झाकून कुणाशीतरी बोलल्याचा आवाज आला. मग गृहस्थ परत आले, आणि अगदी समजूतदार स्वरात म्हणाले, "बरं, आता तुम्ही मास्तर मानूस, तुम्ही अभिनय म्हणणार. आमी समजून घेतो. एवढंच सांगा, रोज करतोय?"